मिठीचा सांगावा

कळसाडीत मोठ्या माणसाला कोणी मिठी मारत नाही. बंदी नाही, पण रीत नाही. लेकराला पोटाशी धरतात, म्हशीच्या पारडालासुद्धा धरतात. पण दोन कर्त्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या दिसल्या, की गल्लीतलं माणूस हातातलं काम टाकून धावतं. लेक सासरी निघते तेव्हा, नाहीतर माणूस देवाघरी जातं तेव्हा, अशा दोनच वेळा तिथल्या बायका गळ्यात पडतात. गोकुळ आणि रमिलाबाईच्या घरात लेक नव्हती. म्हणजे त्या घरापुरती एकच वेळ उरली होती.

हे प्रिस्किला सिस्टरला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? पाणी खाली वाहतं हे कोणी कोणाला सांगत बसत नाही.

प्रिस्किला विसरवाडीकडची. गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून बदलून आली त्याला फार दिवस झाले नव्हते. गोकुळला ऊस तोडताना छातीत कळ आली, तो ती गॅस म्हणून सोड्यावर घालवत बसला होता, तेव्हा तिनेच त्याला दटावून नंदुरबारला पाठवलं आणि तिथून तो सुरतच्या मोठ्या दवाखान्यात गेला. बायपास ठरली. मुलगा दिनेश सुरतेतच कापडाच्या मार्केटात नोकरीला, त्यामुळे राहण्याची सोय होती. रमिलाबाई मात्र मागे राहिली. म्हैस परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही, आणि कापूस वेचणीला आलेला. शिवाय गोकुळच म्हणाला होता, “तू तठे येईसन काय करशी? रडशी.”

ऑपरेशनच्या दिवशी रमिलाबाई सकाळपासून ओसरीवर कापसातला कचरा निवडत बसली होती. हाताला काम असलं की जिवाला कमी लागतं. तिच्या मोबाईलचा रिचार्ज संपलेला, आणि हे तिला ठाऊक नव्हतं. फोन मांडीपाशी ठेवून ती त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती आणि तो बिचारा मुका पडला होता.

दुपार कलली आणि प्रिस्किला धावत आली. एक चप्पल अंगणातच राहिली. डोळ्यांना पाणी. “रमिलाकाकू!” एवढंच म्हणाली, ओसरीवर चढली आणि तिने रमिलाबाईला दोन्ही हातांनी घट्ट धरून छातीशी ओढलं.

रमिलाबाईच्या मुठीत कापूस होता, तो तिथेच राहिला. एका क्षणात तिला सगळं कळलं. विचारायला काही उरलंच नव्हतं. दिनेशने आईला फोन करायचं टाळलं, सिस्टरला केला. सिस्टर रडत आली. सिस्टर गळ्यात पडली. दुसरं काय असणार? तिच्या पोटातून जो हंबरडा निघाला, तो ऐकून गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

“ओ मन्हा राजा रे! माले सोडीसन कोठे गया रे!”

“काकू, नाही! काकू, ऐका!” प्रिस्किला ओरडली. पण तोवर शेजारची सोनीबाई कुंपण ओलांडून आली होती. सोनीबाई हुशार बाई, तिने काही विचारलं नाही. अशा वेळी विचारणं हे असभ्यपणाचं. तिने दोघींच्या गळ्यात हात टाकले आणि सूर धरला. मग वरच्या आळीच्या बाया आल्या, मग खालच्या. जी येई ती रमिलाबाईच्या गळ्यात पडे, आणि मध्ये सापडलेली प्रिस्किला पोळीत लाटलेल्या पुरणासारखी दोन्हीकडून दाबली जाई.

“अहो, काका चांगले आहेत!” तिने श्वास मिळताच सांगितलं. “ऑपरेशन चांगलं झालं. काही काळजी करू नका!”

बायका आणखी जोरात रडू लागल्या.

त्यांची तरी काय चूक? त्या मुलखात मेल्याची बातमी मेला म्हणून सांगतच नाहीत. रमिलाबाईचा बाप वारला तेव्हा तिला निरोप आला होता, “बापले थोडं बरं नही शे, दखी जाय.” जाऊन बघते तो बाप अंगणात बांबूवर. तिच्या मोठ्या दिराच्या वेळी सांगावा आला, “सिरियस शे, पन बोलस.” तोही बोलत नव्हता. लांबच्या माणसाला धक्का बसू नये, वाटेत कोणी कोसळू नये, म्हणून सगळे असंच सांगतात, आणि ऐकणाराही मान हलवून धोतर बदलायला जातो. ‘बरं नाही’ म्हटलं तर गेला. ‘सिरियस’ म्हटलं तर कालच गेला. आणि ‘अगदी चांगला आहे, काही काळजी करू नका’ असं कोणी म्हटलं, तर मग विचारायलाच नको.

रमिलाबाई रडत होती, आणि रडता रडता बोलत होती. मयताच्या रडण्यात शब्द असतात. ते आठवावे लागत नाहीत, सुरामागून आपोआप येतात. जे बायकोने नवऱ्याला उभ्या जन्मात म्हणायचं नसतं, ते त्या सुरात म्हणायची मुभा असते. सारंगखेड्याच्या जत्रेतून त्याने तिच्या सासूपासून लपवून आणलेल्या बांगड्या तिने सांगितल्या. तिला टायफॉईड झाला तेव्हा त्याने थापलेली, एकीकडे करपलेली नि एकीकडे कच्ची भाकर सांगितली. आणि मग छातीवर हात मारून ती म्हणाली, “ताटमा शेवटना घास ठेवे रे तू मन्हासाठी! पोट भरनं म्हने, लबाड! तुन्हं पोट भरेल नही ऱ्हाये, माले माहीत व्हतं रे! आते मी कोनवर चिडू रे!”

ऐकणाऱ्या बायांचे खरेच डोळे भरले. एकदोघींना आपापल्या घरची ताटं आठवली आणि त्या स्वतःच्या खात्यावर थोडं जास्तीचं रडून घेत्या झाल्या.

इकडे ओट्यावर गोकुळचा धाकटा भाऊ नथ्थू डोक्यावर टॉवेल टाकून बसला होता. तो दिनेशला फोन लावत होता आणि दिनेश उचलत नव्हता. फोन उचलत नाही म्हणजे खरंच, असं म्हणून पुरुषांनी माना हलवल्या. वास्तविक दिनेश रात्रभर जागून, बापाला सुखरूप बघून, दवाखान्याच्या बाकावर घोरत पडला होता. शेवटी त्याला जाग आली आणि त्यानेच उलटा फोन केला. नथ्थूने घसा साफ केला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं.

“दिनेश बेटा, मंग कव्हय निघतस तुम्ही?”

“आठ-दहा दिन तं आठेच ठेवतीन, काका.”

“आठ-दहा दिन?” नथ्थूने टॉवेल मागे सारला. “आरे, इतला दिन कसाले ठेवतस? आजच लई ये. गाडीनं मी दखस.”

“नही काका, डॉक्टर म्हनतस घाई करानी नही.”

“आते कसानी घाई, भो,” नथ्थू रडवेला होऊन म्हणाला.

पलीकडे दिनेश गोंधळला. मग त्याच्या कानावर मागचा सूर गेला. “काका, मांगे कोन रडी ऱ्हायनं?”

“कोनी नही. तू घाबरू नको.”

“आई कोठे शे?”

“आई?” नथ्थूने ओसरीकडे पाहिलं. “आई चांगली शे.”

दिनेश सुरतेत राहत असला तरी जन्माने कळसाडीचा होता. ‘चांगली शे’ म्हणजे काय ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. “काका,” त्याचा आवाज फाटला, “माले खरं सांगा. आई शे ना?” आणि तोही दवाखान्याच्या बाकावर रडू लागला.

आता मात्र ओट्यावरच्या पुरुषांचा पुरता गोंधळ उडाला. मेलेल्या बापाचा मुलगा जिवंत आईसाठी रडत होता. हे कोणत्याच रीतीत बसत नव्हतं. नथ्थूने फोन तसाच ओसरीवर नेला आणि रमिलाबाईच्या कानाला लावला.

“दिनेश, मी शे,” ती हुंदके देत म्हणाली. “तुन्हा बाप?”

“आई! तू जित्ती शे?”

“मी जित्ती शे रे. बाप सांग.”

“बाप बी जित्ता शे! झोपेल शे. नळ्या लायेल शेतस, उद्या बोलतीन.”

“खरं बोल.”

“आई, तुन्ही आन.”

ज्या आईला त्याने घटकेपूर्वी मेलेली धरलं होतं, तिचीच शपथ. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रडणं मध्येच थांबलं, पण पदर डोळ्यांवरून खाली आले नाहीत. सोनीबाईने हळूच तोंड उघडलं, “पोऱ्या शहाना शे. मायनी धास्ती खावाले नको म्हनीसन बोली ऱ्हायना.” पुन्हा दोघी-तिघींनी मुसमुसायला घेतलं. उद्या बोलतील म्हणे. आज का नाही?

संध्याकाळ झाली तसं घर रिकामं झालं, पण रमिलाबाईला काय करावं कळेना. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारचे आणून देतात. सोनीबाईने खिचडीचं पातेलं आणून ठेवलं होतं. ती खिचडी खाल्ली, तर आपणच नवऱ्याला मेला म्हटल्यासारखं. चूल पेटवून भाकर टाकली, आणि तो खरंच गेलेला असला, तर मग तोंड कोणाला दाखवायचं? कपाळावरचं कुंकू रडण्यात पसरलं होतं. ते नीट करावं की राहू द्यावं? ती चुलीपुढे काडीपेटी हातात धरून बसून राहिली. सधवा की विधवा, हे बाईला स्वतःचं स्वतःला सांगता येऊ नये, असला प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.

प्रिस्किला गेली नव्हती. ती दाराशी अंग चोरून बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते. “काकू,” ती म्हणाली, “माझं काय चुकलं ते तरी सांगा. मी आनंदाने आले होते हो.”

“आनंदनी?” रमिलाबाईने वळून पाहिलं. “मंग गयामा काबरं पडनी?”

“आनंद झाला म्हणूनच.”

रमिलाबाईला हे समजेना. “आमनामा लेक सासरे जास नहीतं कोनी मरस तेव्हाच गयामा पडतस, बेटा.”

“मग आनंद झाला तर काय करता?”

रमिलाबाईने विचार केला. दिनेश झाला तेव्हा, नवी म्हैस आली तेव्हा, विहिरीला पाणी लागलं तेव्हा. “साखर वाटतस,” ती म्हणाली.

प्रिस्किलाला इतक्या रडारडीत हसू आलं. ती सांगू लागली की त्यांच्याकडे रविवारी चर्च सुटलं की आवारात सगळ्या बाया एकमेकींना मिठी मारतात. ती सुट्टीत घरी गेली की आई दारातच मिठी मारते, आणि निघताना पुन्हा मारते.

“मिठी,” रमिलाबाई म्हणाली. शब्द तिला माहीत होता. दिनेशच्या शाळेच्या पुस्तकात होता, तो मोठ्याने वाचायचा. घरात मात्र तो कोणी कधी वापरला नव्हता. “काही व्हयेल नही ऱ्हास तरी?”

“काही झालेलं नसतं तरी.”

“मंग समजस कसं, काय व्हयनं ते?”

“समजायचं काय त्यात, काकू? आपलं माणूस दिसलं, एवढंच.”

काही झालेलं नसताना कोणी कोणाला धरून उभं राहायचं, हे तिच्या डोक्यात कुठेच बसेना. आणि तरी दुपारी, हंबरडा फुटायच्या आधीच्या त्या एका क्षणात, पोरीच्या छातीची धडधड तिला आपल्या छातीवर लागली होती, आणि ती तिला बरी वाटली होती. हे तिने बोलून दाखवलं नाही. खिचडी तशीच राहिली, चूलही तशीच राहिली.

सकाळी प्रिस्किलाच्या मोबाईलवर दिनेशने व्हिडिओ लावला. अंगणात पुन्हा सगळा गाव. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक नळी, मग पांढऱ्या चादरीत गोकुळचं दाढीचे खुंट वाढलेलं तोंड. त्याने डोळे उघडले. बायकोला शोधलं. घसा खरवडत म्हणाला, “म्हैसले सरकीनी ढेप दिनी का?”

कोणत्याही मेलेल्या माणसाने आजवर ढेपेची चौकशी केलेली नाही. रमिलाबाईने पदर डोक्यावर पुढे ओढला. “दिनी,” ती म्हणाली, आणि मोबाईल प्रिस्किलाच्या हातात कोंबून घरात गेली. थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघाला तेव्हा नथ्थू साखर आणायला दुकानाकडे पळाला.

गोकुळ घरी आला तो छातीशी उशी धरून. छातीचं हाड कापून शिवलेलं असतं, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर टाके ओढतात, असं दवाखान्याने बजावलं होतं. जीपमधून तो उशी कवटाळूनच उतरला. सगळं गाव जमलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्या रडण्याने वाचला. जित्या माणसासाठी रडलं की त्याचं आयुष्य वाढतं, हे सगळ्यांनाच माहीत. सोनीबाईने तर तोंडावर सांगितलं, “गोकुळभाऊ, आमी रडनूत म्हनीसन तुम्ही दिसी ऱ्हायनात.”

रमिलाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. इतके दिवस जिवाची जी कालवाकालव झाली होती ती सगळी बाहेर यायला बघत होती, पण हात काय करतील? ते तांब्याच धरून राहिले. तिला पहिल्यांदाच वाटलं, की साखर वाटून हे भागायचं नाही.

गोकुळच्या कानावर सगळं गेलं होतं. गावात काही पोटात राहत नाही. एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या त्याने विचारलं, “काय काय बोलनी वं तू मन्हा नावनं?”

“काही नही.”

“सोनीबाई सांगे. शेवटना घासनं काहीतरी.”

“सोनीबाईले काम नही.”

“एकडाव माले आयकाड ना,” तो म्हणाला. थट्टेने सुरुवात केली होती, पण आवाज शेवटी थट्टेचा राहिला नाही. “सगळा गावनी आयकं. मीच ऱ्हायनू.”

“त्येनासाठी मरनं पडी तुमले,” रमिलाबाई फणकाऱ्याने म्हणाली आणि म्हशीकडे गेली. गोठ्यात गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. मेला म्हणून कळलं तेव्हा जीभ कशी सैल सुटली, आणि जिवंत समोर बसलाय तर दातखीळ! अशी कशी ही रीत, की माणूस ऐकू येईनासं झालं की मग सगळं बोलायचं? पण बोलायचं म्हणजे सुरात बोलायचं, आणि बिनसुराचं ते कसं म्हणतात हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

एके दिवशी सकाळी तिने ती उशी धुतली. मळून काळी झाली होती. कुंपणावर वाळत घातली आणि ती भांडी घासायला बसली. गोकुळ अंगणात खाटेवर ऊन खात होता. शेजारी कोणी मिरचीची फोडणी टाकली. ठसका उठला आणि गोकुळला खोकला आला. तो उशी चाचपू लागला. उशी नव्हती. खोकला वाढला, त्याने दोन्ही हातांनी छाती दाबली, तोंड वेडंवाकडं झालं, डोळे पांढरे झाले.

रमिलाबाईच्या हातातलं भांडं घरंगळत गेलं. ती राखेच्या हातांनी तशीच धावली, खाटेवर बसली आणि तिने त्याला समोरून दोन्ही हातांनी आवळून धरलं, उशी धरतात तसं, आपल्या छातीवर त्याची छाती. त्याचा एकेक खोकला तिच्या अंगात शिरत होता. ती आणखी घट्ट धरत होती. हळूहळू खोकला बसला. श्वास सुरळीत झाला. तिने हात सोडले नाहीत.

कुंपणापाशी सोनीबाई ताकाचा लोटा घेऊन आली होती. तिने खाटेवर पाहिलं. रमिलाबाई नवऱ्याच्या गळ्यात पडलेली, नवऱ्याची मान तिच्या खांद्यावर टाकलेली, भांडी विखुरलेली. हुशार बाई, तिने काही विचारलं नाही. लोटा खाली पडला. “ओ माय वं! गोकुळभाऊ गया वं!” आणि सोनीबाईने तिथेच बसकण मारून सूर धरला. वरच्या आळीतून बाया निघाल्या, खालच्या आळीतून निघाल्या.

गोकुळ बायकोच्या खांद्यावरूनच पुटपुटला, “आरे, सांग त्यास्ले. मी जित्ता शे.”

“कोन आयकी?” रमिलाबाई म्हणाली. “रडू दे.”

बायका कुंपणापर्यंत आल्या, तिथेच थबकल्या आणि रडू लागल्या. त्या गलक्यात जवळच्या माणसालाही जवळच्या माणसाचं ऐकू आलं नसतं. रमिलाबाईने तोंड गोकुळच्या कानाशी नेलं. सूर न लावता, साध्या आवाजात ती म्हणाली, “तू ताटमा शेवटना घास ठेवस ना, पोट भरनं म्हनस. माले पहिलापासून माहीत शे.”

गोकुळने विचारलं, “मंग कधी बोलनी काबरं नही?”

“बोलनू आस्तू तं तू ठेवना नस्ता,” ती म्हणाली. “आनि तो घास माले गोड लागस.”